उपासाचे तीन घास

संघमित्रेला तीन वर्षांसाठी अकोल्यात ठेवायचे आणि बाकीच्या तिघांनी परत इथिओपियाला जायचे, हे देवमनने मुंबईच्या धक्क्यावर उतरण्याआधीच मनाशी ठरवले होते. शालूला मात्र ते अमरावतीला माहेरी येऊन पंधरा दिवस झाल्यावर समजले. ती चुलीपुढे मायजवळ बसून अंबाडीची भाजी निवडत होती. देवमन दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "रामराव गुरुजींचं पत्र आलं. संघमित्राचं नाव तिसरीत घालून देतो म्हणतात. राहायचं त्यांच्याच घरी. सोमवारी अकोल्याले जाऊन येऊ."

शालूच्या हातातली काडी हातातच राहिली.

"कोणाले ठेवून राहिले, जावईबापू?" केशरबाईंनी विचारले. त्यांना ऐकू चांगले येत असे. न पटलेली गोष्ट त्या नेहमी दोनदा विचारून घेत.

"मोठीले, मित्राले. शाळेसाठी."

"अन् तुमी?"

"आमी जाऊ. करार हाय तीन वर्षांचा."

 केशरबाईंनी भाकरी उलटली आणि ती नेहमीपेक्षा जरा जास्तच भाजू दिली.

देवमन तायडे इथिओपियात गणित शिकवत असे. १९६० साली त्या देशाच्या सरकारला हिंदुस्थानातून शिक्षक हवे होते. अमरावतीच्या एका शाळेत उमेदवारी करणाऱ्या या बी.एस्सी., बी.टी. झालेल्या तरुणाने अर्ज केला आणि तो निवडला गेला. शालू दोन मुलींना घेऊन त्याच्याबरोबर गेली तेव्हा संघमित्रा चार वर्षांची होती आणि विशाखा अजून भिंतीला धरून उभी राहत होती. आता मित्रा आठ वर्षांची होती, विशू पाच. जिम्मा नावाच्या डोंगराळ गावात, कॉफीच्या झाडांच्या सावलीत, पत्र्याच्या छपराच्या घरात त्या वाढल्या. शेजारची अलमाझ नावाची बाई दिवसभर त्यांच्या घरात असे. तिच्या संगतीने मुलींची भाषा अर्धी वऱ्हाडी आणि अर्धी अम्हारिक झाली होती, आणि चालीरीतींचेही थोडेफार तसेच झाले होते.

त्यातली एक चाल शालूच्या माहेरच्या, फ्रेजरपुऱ्यातल्या साऱ्या आळीला ठाऊक झाली होती. अलमाझच्या देशात माणसे एका मोठ्या परातीभोवती बसून जेवतात, आणि ज्याच्यावर माया असेल त्याच्या तोंडात आपल्या हाताने घास देतात. त्याला ते लोक गुर्शा म्हणतात. माहेरी आल्याच्या पहिल्याच दिवशी विशूने भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला, उठून थेट केशरबाईंकडे गेली आणि तो त्यांच्या तोंडात कोंबला. केशरबाईंना ठसका लागला, सगळ्या बाया पोट धरून हसल्या. "उलटीच रीत व शालू तुमच्या इकडची," शेजारीण म्हणाली, "नात आजीले भरवते." त्या दिवसापासून केशरबाई मात्र विशू जेवायला बसली की कुठेतरी जवळपास असत.

दुपारी नळाजवळच्या दगडावर दोघेच असताना शालूने विषय काढला.

"आठ वर्षांची हाय ते."

"मी दहाचा होतो."

"तुमी पोरगा होते."

"म्हणून काय झालं? पोरीले आपल्यापेक्षा जास्त शिकवायचं, असं तूच म्हणत होती ना?" देवमनने आवाज चढवला नाही. तो कधीच चढवत नसे. वर्गात फळ्यावर पायऱ्या मांडाव्यात तसे तो बोले. "हे पाय. अजून तीन वर्षं. परत येऊ तेव्हा मित्रा अकराची होईन. मराठी वाचता येत नाई, इंग्रजी अर्धी, अम्हारिक पुरी. इथं कोणत्या वर्गात बसवतीन तिले? ज्यायचे बाप-आजे शिकले, त्यायच्या पोरांचं एखादं वर्ष गेलं तरी चालते. आपल्या पोरांचं एक वर्ष गेलं का गेलं. मागून ढकलणारं कोणी नसते."

"मायजवळ ठेवू मग."

"दोन खोल्या, सात माणसं. कुठं बसन अभ्यासाले?" त्याने दगडावरचे पाणी हाताने निपटले. "आणि रामराव गुरुजी काही परके नाईत, शालू. सहा वर्षं मी काकूंच्या हातचं जेवलो. त्या घरानं मले माणसात आणलं."

हे वाक्य शालूने लग्नापासून ऐकले होते. अकोटजवळच्या खेड्यातून आलेल्या महाराच्या पोराला, १९३६ साली, स्वतःच्या घरी ठेवून शिकवणारा देशमुखाच्या घरातला मास्तर. देवमनच्या आयुष्यात त्याहून मोठे माणूस नव्हते. लग्नाला गुरुजी आले होते, आहेर म्हणून शब्दकोश घेऊन. काकूंना शालूने अजून पाहिले नव्हते.

तिच्याजवळ नवऱ्याच्या एकाही मुद्द्याला उत्तर नव्हते. 'मला करमणार नाही' हा काही मुद्दा नव्हे. शिक्षण नको असे म्हणणारी बाईही ती नव्हती. म्हणून ती गप्प राहिली, आणि तिचे गप्प राहणे देवमनने होकार म्हणून घेतले.

मित्राने मात्र सारे ऐकले होते. दुसऱ्या दिवशी तिने आजीकडून एक जुनी पत्र्याची पेटी मागून घेतली आणि आपले फ्रॉक विशूच्या फ्रॉकांतून वेगळे काढून तीत घातले. कोणाला काही विचारले नाही. शालूने पेटी पाहिली आणि न पाहिल्यासारखे केले. त्या दिवसांत ती मुलीशी कमी बोलू लागली. बोलायला गेले की आवाज बिघडेल, ही भीती.

सोमवारी सकाळी चौघे बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला उतरले. श्रावण लागला होता. मूर्तिजापूरपासून आभाळ भरून होते, पण पाऊस नव्हता. जठारपेठेतल्या गुरुजींच्या घरापुढे सायकलरिक्षा थांबली तेव्हा गुरुजी फाटकाशीच उभे होते. सत्तरीकडे झुकलेले, खादीचा सदरा, डोळ्यांवर जाड भिंगे. देवमन पाया पडायला वाकला तसे त्यांनी त्याला वरच्या वर धरले.

"आमचा आफ्रिकेचा मास्तर," ते म्हणाले. "केस पांढरे करून आलास की रे. तिथंही पोरांना अपूर्णांक येत नाहीत वाटतं."

"अपूर्णांक कुठंच येत नाहीत, गुरुजी."

गुरुजींच्या पत्नी, देवमनच्या काकू, भागीरथाबाई ओसरीवर आल्या. ठेंगण्या, नऊवारीतल्या, सावध डोळ्यांच्या. त्यांनी देवमनकडे पाहिले, मग शालूकडे, मग दोघी मुलींकडे, आणि म्हणाल्या, "मोठी बापासारखी हाय. या, बसा."

मधल्या खोलीत पाट मांडले होते, एकाच ओळीत. गुरुजींचा पाट मध्यभागी, त्यांच्या एका बाजूला देवमन, दुसऱ्या बाजूला शालू आणि मुली. यात काही खोट नव्हती. पण शालूची नजर लहानपणापासून अशा गोष्टींवर तयार झालेली होती. नको म्हटले तरी ती पाहून घेई. गुरुजींपुढचे ताट जुने पितळेचे होते, कडेला चेमटलेले. त्या चौघांपुढची ताटे कोरी करकरीत स्टीलची होती. पाहुण्यांसाठी आणलेली असतील. तिने स्वतःला तसे सांगितले. मग भागीरथाबाई वाढायला आल्या तेव्हा तिने पळीकडे पाहिले. पळी ताटापासून चार बोटे वर थांबे, आणि वरण तेवढ्या उंचीवरून पडे. सगळ्यांच्याच ताटात तसे पडत होते का? गुरुजींची पाळी आली तेव्हा ती नेमकी मित्राच्या पोळीकडे वळली होती.

गुरुजी मित्राला विचारत होते, "इकडे राहशील ना बेटा? आजीला सोबत होईल. शाळा पाच मिनिटांवर आहे."

"हो," मित्रा म्हणाली. तिने एक पोळी खाल्ली होती.

"घे न अजून."

"नको. झालं."

घरी ही मुलगी तीन पोळ्या खात असे. शालूने खाली मान घातली.

वाढणे झाल्यावर भागीरथाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ एका पाटावर टेकल्या. त्यांच्यापुढे ताट नव्हते. विशूचे खाणे तिथेच थांबले.

"आजी काहून जेवत नाई?"

"आजीचा उपास आहे बेटा," गुरुजी म्हणाले. "श्रावण सोमवार. दिवेलागणीला सोडेल ती."

विशूला उपास ठाऊक होता. अलमाझ दर बुधवारी आणि शुक्रवारी उपास करी, आणि वर्षातून एकदा तर चांगले दोन महिने. उपासाला ती मांस सोडी, दूध सोडी, लोणी सोडी, आणि डाळ मात्र पोटभर खाई. विशूच्या लेखी उपास म्हणजे वरण. तिने आपल्या ताटाकडे नीट पाहिले.

"याच्यात तूप हाय?" तिने आईला विचारले.

"नाई. तूच नको म्हटलं."

"दूध?"

"वरणात दूध कुठं असते?"

"मंग चालते," विशू म्हणाली.

कोणाला काही कळायच्या आत तिने पोळीचा तुकडा वरणात बुडवला, डाव्या हाताची ओंजळ उजव्याखाली धरली, पाटावरून उठली आणि ओळीपुढून चालत भागीरथाबाईंपाशी गेली. बसलेल्या बाईचे तोंड आणि उभ्या मुलीचा हात एका उंचीवर होते.

"विशू, खाली बस," देवमन म्हणाला.

शालूने लग्न झाल्यापासून त्याचा हा आवाज ऐकला नव्हता. तो रागाचा नव्हता. वर्गातला नव्हता, घरातला नव्हता. दहा वर्षांच्या कोणा पोराचा असावा तसा तो होता, आणि त्यात नुसती भीती होती.

गुरुजी अर्धे उठले. "अगं बेटा, उपास—"

"आजीचा उपास मोडन, विशू," शालूही म्हणाली. आपण मुलीला समजावत नाही, त्या म्हाताऱ्या बाईला सुटायला वाट करून देत आहोत, हे बोलता बोलताच तिला कळले. उपास हे किती सोयीचे, किती सभ्य कारण होते. त्यात कोणाचा अपमान नव्हता. बाईंनी नुसते हसून मान हलवली असती तर सगळी पंगत पुन्हा जेवायला लागली असती.

"वरण हाय," विशूने समजावले. "उपासाले वरण चालते."

भागीरथाबाई त्या हाताकडे पाहत होत्या. वरणाचा ओघळ मुलीच्या मनगटापर्यंत आला होता. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले नाही, देवमनकडे पाहिले नाही. मग त्यांनी तोंड उघडले.

घास मोठा होता. त्यांना तो चावायला वेळ लागला. विशू समोर उभी राहून घास उतरेपर्यंत पाहत राहिली आणि वळून आपल्या ताटाकडे गेली. शालूने सुटकेचा श्वास घेतला. पण विशूने दुसरा तुकडा बुडवला होता.

"पुरे झालं व, बाई," भागीरथाबाई म्हणाल्या.

"नाई. अजून दोन."

"काहून दोन?"

"एक देला का भांडण होते," विशूने सांगितले. हे इतक्या मोठ्या माणसाला सांगावे लागावे याचे तिला नवल वाटले. "दोन देले तरी थोडं थोडं होते. तीन देले का दोस्ती."

"तिकडची म्हण आहे, काकू," देवमन म्हणाला. त्याचा आवाज अजून जागेवर आला नव्हता. "लेकरू आहे. मनावर घेऊ नका."

"तू जेव रे," भागीरथाबाई त्याला म्हणाल्या. आणि विशूला, "आण मंग. उपास तं मोडलाच हाय. अर्ध्यात काहून सोडतं?"

तिसरा घास खाऊन झाल्यावर त्या उठल्या, विशूचे मनगट पदराने पुसले आणि परसात गेल्या. मोरीवर पाणी पडल्याचा आवाज आला. आवाज बराच वेळ येत राहिला. देवमन ताटात बोट फिरवत होता. शालू आपले ताट घेऊन उठली. पाहुणीने ताट उचलू नये, हे तिला कळत होते; पण तिला तो आवाज कशाचा हे पाहायचे होते.

भागीरथाबाई मोरीच्या कठड्याला टेकून उभ्या होत्या. हातात तांब्या होता, तोंड ओले होते.

"थुंकली नाई मी," त्या म्हणाल्या. "पाणी पिऊन राहिली. तू तेच पाहाले आली ना?"

"हाव," शालू म्हणाली. खोटे बोलायचे तिला सुचले नाही.

"बरं केलं. मी असती तं मी भी आली असती." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "नवी ताटं पाहिली न तू?"

"पाहिली."

"गुरुजीले सांगितलं, पाहुण्यासाठी आणवा. त्यायले वाटलं मी मान करून राहिली." त्यांनी पदराने तोंड पुसले. "आमच्या ताटात वाढवेना मले. साठ वर्षांचा हात हाय, आपोआप मागं येते. गुरुजी गावात भाषणं करते; त्यायले घरातला हात दिसत नाई."

शालू मोरीशी बसली आणि ताटाला राख लावू लागली. समोरची बाई खरे बोलत होती.

"मोठीले ठेवू नको माह्या घरी," भागीरथाबाई म्हणाल्या.

"समजलं," शालू म्हणाली. तिला वाटले होते त्यापेक्षा ते कमी लागले. किंबहुना छातीवरचे काहीतरी हलके झाले, आणि त्याचीच तिला लाज वाटली.

"काई नाई समजलं तुले. ठेव ते ताट. ऐक." त्या खाली बसल्या, शालूच्या समोर, उकिडव्या. "तुह्या नवऱ्याले सहा वर्षं वाढलं मी. त्या तिकडे, ओसरीच्या कोपऱ्यात बसे. त्यानं सांगितलं तुले?"

"तुमच्या हातचं जेवलो म्हणते."

"खोटं नाई ते. हातचंच जेवला. पण हात लागू देला नाई मी. वरून टाको भाकर. पाणी वरून. ताट तो आपलं आपण धुवे अन् कोनाड्यात ठेवे." बोलताना त्यांची बोटे मोरीच्या फरशीवरून फिरत होती. "एक भाकर खाये अन् उठे. दुसरी कधी मागे नाई. मी म्हणो, कमी खाणारं पोरगं हाय. डबडं भरून भाकरी राहे घरात. मी काई हातचं राखून वाढणारी बाई नाई, इचार कोणाले भी."

"मी कुठं म्हटलं?"

"मी नऊ वर्षांची आली या घरात. सासरी. दोन साल मी भी अर्धपोटी उठत होती. सासू नाई म्हणे नाई. पण मागायले आपलं घर लागते व. मले तं समजायले पायजे होतं ना त्या पोराचं? नाई समजलं. आज तुही मोठी एक पोई खाऊन 'झालं' म्हणाली, तवा समजलं. अन् ते लहानी, कोणी न मागता उठून भरवाले आली." त्यांनी मधल्या खोलीच्या दाराकडे पाहिले. "एकाच घरच्या दोघी न? मोठी घरून निघाली अन् एका पोईवर आली. अजून तं राहाले भी नाई आली."

शालूचे हात राखेत थांबले होते.

"मी तिले पोटभर वाढीन," भागीरथाबाई म्हणाल्या. "पण ते मागन नाई. अन् आज मी खाल्लं म्हणून उद्या माहा हात सुधरन, असं समजू नको. एकादशीले मीच म्हणीन, बाई, चुलीजवळ येऊ नको. मग ते लेकरू तिथं उभं राहीन दारात. मले माही खोड माईत हाय. नवऱ्याले सांग, काकू नाई म्हणाली. माह्यावर घाल."

त्यांनी शालूच्या हातातून ताट घेतले, त्यावर पाणी ओतले आणि ते गुरुजींच्या पितळी ताटांच्या चळतीवर पालथे घातले. त्यांचा हात ताट सोडताना थोडा थांबला, हेही शालूने पाहिले.

गुरुजींनी शाळेचा छापील अर्ज भरून ठेवला होता. फक्त बापाची सही राहिली होती. "जाता जाता शाळेत देऊन टाक," ते देवमनला म्हणाले. शालूने ओसरीवर विषय काढला नाही. दोघी मुली पुढे चालू लागल्या, विशू चिखलातली खडी उडवीत, मित्रा तिला सांभाळीत. अर्ज देवमनच्या खिशात होता.

"काकूंनी खाल्लं," तो थोड्या वेळाने म्हणाला. "सहा वर्षं त्या घरात होतो मी. गुरुजीही पाहत राहिले. पाहिलंस ना?"

"पाहिलं." शालूने पुढे गेलेल्या मुलींकडे पाहिले. "तुमी मागत होते का दुसरी भाकर?"

देवमन थांबला नाही, पण त्याची चाल मंदावली. शाळेचे फाटक दिसू लागले.

"काकू बोलल्या?"

"हाव. तुमी कधी नाई बोलले."

"त्यात बोलायचं काय होतं? लोकं दारात उभं करत नव्हते." नंतर तो म्हणाला, "चौथ्या वर्षी मागितली एकदा. तापातून उठलो होतो, भूक लागली होती. त्यांनी दोन दिल्या. मंग आठ दिवस मले लाज वाटत होती. कशाची, ते मले अजून समजलं नाई."

"मित्रानं आज एक पोई खाल्ली."

"पाहिलं मी," देवमन म्हणाला.

दोघे फाटकाशी उभे राहिले. आत कुठल्यातरी वर्गात पाढे चालले होते. देवमनने खिशातून अर्ज काढला, उलगडला, वाचला. जणू त्यात त्याला ठाऊक नसलेले काही असणार होते.

"मग हिचं शिक्षण?" तो म्हणाला. आता तो फळ्यापुढे उभा राहून बोलत नव्हता; त्याला खरेच विचारायचे होते.

"मी शिकवीन मराठी."

"तू?"

"सातवी पास हाय मी. चौथीपर्यंतचं शिकवाले सातवी पुरते. रोज दोन तास. गणित तुमी शिकवा. तिथं लोकांच्या पोरांले दिवसभर शिकवता अन् घरी आले का पेपर उघडून बसता."

देवमनला हसू आले आणि ते अर्ध्यातच गेले. "गुरुजींना काय सांगू?"

"काकू नाई म्हणाल्या, असं सांगा म्हणे. माह्यावर घाल म्हणाल्या."

"नाई," तो म्हणाला. "त्यांच्यावर कशाला? मी माझं सांगीन."

तो एकटाच परत गेला. तिघी शाळेच्या भिंतीशी थांबल्या. मित्रा मगापासून आईकडे पाहत होती.

"बाबा कुठं गेले?"

"गुरुजींना सांगायले. तू आमच्यासोबत येऊन राहिली. बोटीत."

 मित्राच्या तोंडाचा आकार बदलला. इतके दिवस तिने एक थेंब पाणी डोळ्यांत येऊ दिले नव्हते. ते सगळे आता एकदम आले. "मंग आधी काहून नाई सांगितलं?" ती रडत रडत, रागाने, आईच्या मांडीवर बुक्क्या मारीत म्हणाली. "मी पेटी भरली. मी आजीची पेटी मागितली. मी समद्यायले सांगितलं मी रायते म्हणून." विशू घाबरून बहिणीचा फ्रॉक धरून उभी राहिली. शालूने मुलीला मारू दिले. तिच्याजवळ याही प्रश्नाला उत्तर नव्हते. पण या वेळी ती गप्प बसली नाही. खाली बसून तिने मित्राला जवळ ओढले आणि म्हणाली, "चुकलं माहं. मी बोलायले पायजे होतं. मले भेव वाटलं." मित्राचे हुंदके कमी व्हायला वेळ लागला. फाटकातून एक शिपाई डोकावून गेला.

देवमन अर्ध्या तासाने आला. डोळे लाल होते, पण चाल सरळ होती. गुरुजींना वाईट वाटले होते. मग ते म्हणाले, तीन वर्षांनी आलात की मी स्वतः पोरीची परीक्षा घेईन, जगलो वाचलो तर, आणि पाहीन कोणत्या वर्गात बसते ती. "आणि काकू?" शालूने विचारले. "आतच होत्या," तो म्हणाला.

स्टेशनाकडे जाताना रस्त्यात शालेय पुस्तकांचे एक दुकान लागले. शालूने पहिलीपासून चौथीपर्यंतची मराठी वाचनमाला मागितली. दुकानदार म्हणाला, चौथीचे संपले आहे, तिसरीपर्यंत आहे. ती म्हणाली, तिसरीपर्यंत द्या. पाटी तिने नको म्हटले आणि मग दारापर्यंत जाऊन परत आली आणि दोन घेतल्या.

संध्याकाळच्या पॅसेंजरला गर्दी नव्हती. विशू देवमनच्या मांडीवर झोपली. बोरगाव मागे पडल्यावर शालूने पहिलीचे पुस्तक उघडले आणि मित्राला शेजारी बसवले. मित्राचे डोळे अजून सुजलेले होते. तिने अक्षरांवर बोट ठेवले आणि एकेक अक्षर सोडवू लागली. तिसऱ्या ओळीत ती अडकली. समोरून देवमन म्हणाला, "अगं, तो काना आहे, त्याला—"

"शिकवून मी राहिली," शालू म्हणाली. "तुमी खिडकीबाहेर पाहा."

देवमनने मुकाट्याने तोंड फिरवले. बाहेर कपाशीची हिरवी शेते संध्याकाळच्या उजेडात मागे जात होती. मित्राने बापाकडे पाहिले, आईकडे पाहिले, नाक ओढले, आणि अडलेली ओळ पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतली.